तानपुरा असलेल्या कॅसेट 'स्वच्छ' करायला देऊ नका

तुम्ही लिहिलंत: वडिलांच्या दोनशे कॅसेट, त्यातल्या तीसेक त्यांच्या स्वतःच्या गाण्याच्या तालमीच्या, घरी लावल्या तर आवाज दबका येतो, आणि दुकानदार म्हणतोय, 'खरखर काढून एमपीथ्री करून देतो, कॅसेट परत हव्यात का?' हे वाचलं आणि राहवलं नाही. हाच प्रश्न मला एका दुकानदाराने २००९ मध्ये विचारला होता. मी 'नको' म्हणालो.

वायर कुठे जोडायची, ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर कसं वापरायचं, हे तुम्हाला कुठेही सापडेल, ते सोडतो. मी तंत्रज्ञ नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. जे भोगलं तेवढंच सांगतो.

आई पुण्यात सदाशिव पेठेत गाणं शिकायला जायची. गुरुजींच्या परवानगीने ती टू-इन-वन (रेडिओ-टेपरेकॉर्डर) घेऊन बसायची. अशा सात-आठ वर्षांच्या तालमी सी-९०, म्हणजे दीड तासाच्या, कॅसेटवर होत्या. शनिवार पेठेतला आमचा वाडा पाडायला निघाला, जागा आवरायची होती, म्हणून सगळं गाठोडं एका दुकानात नेऊन दिलं. दुकानातून फाइलची डीव्हीडी आल्यावर मी सिनेमाच्या गाण्यांच्या तीन-चार फाइल ऐकल्या. छान वाटल्या. कॅसेट गेल्या भंगारात.

आई २०१६ मध्ये गेली. नंतर तालमी ऐकायला बसलो तर तानपुराच नाही. आईचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा, गुरुजींचं बोलणं मध्येच तुटलेलं. कारण समजायला मला बरेच महिने लागले. खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरला आधी नुसत्या खरखरीचा एक तुकडा दाखवावा लागतो, मग त्या तुकड्यात जे जे सूर असतील ते ते सगळ्या रेकॉर्डिंगमधून ते कमी करतं. दुकानात सरसकट सुरुवातीचे काही सेकंद घेतले असणार. आपल्या गाण्यात सुरुवातीला काय असतं? तानपुरा! सॉफ्टवेअरच्या लेखी तानपुरा हीच खरखर, आणि त्याच्याबरोबर षड्ज-पंचमाच्या (तानपुऱ्याच्याच सुरांच्या) आसपासचा आईचा आवाजही खरवडला गेला. वर १२८ केबीपीएसचं, म्हणजे आवाजातला बारकावा कापून लहान केलेलं, एमपीथ्री. मूळ कॅसेट असती तर पुन्हा केलं असतं. दुकानात विचारायला गेलो तर 'तेव्हा तक्रार का नाही केली' एवढंच उत्तर मिळालं. याचा राग अजून जात नाही.

मावशीकडे अकरा कॅसेट राहिल्या होत्या. त्या मी स्वतः केल्या. डेक (कॅसेट वाजवायचं यंत्र) जुन्या बाजारात मिळाला, बेल्ट बुधवार पेठेत बदलून घेतला. कॅसेट घालण्याआधी तिच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे टॅब तोडा, चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर संपलं. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट लावूच नका, बाजूला ठेवा. पुण्याच्या पावसाळ्यात माळ्यावरच्या कॅसेटना ती हमखास धरते, आणि डेकमधून पुढच्या कॅसेटला लागते.

तुम्ही लिहिलंय की आवाज दबका येतो. डेकचं हेड (टेप ज्याला घासून जाते तो भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसूनही तसाच असेल तर हेडचा कोन बघा. वडिलांच्या टेपरेकॉर्डरचं हेड जेवढं कललेलं होतं तेवढंच तुमच्या डेकचं हवं. हेडशेजारचा छोटा स्क्रू कॅसेट चालू असताना अगदी हलका फिरवायचा. इथे तानपुराच मदतीला येतो. जवारी, म्हणजे तानपुऱ्याच्या तारांचा तो झणझणीत गुंजारव, खुलून ऐकू आली की थांबायचं. दर कॅसेटला पुन्हा बघावं लागतं. विकतच्या कॅसेट लावण्याआधी स्क्रू मूळ जागी आणायला विसरू नका.

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर घालू नका, तिथे बहुतेक वेळा एकच चॅनल जातो. लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आणि वेव्ह फाइल, म्हणजे आवाज न कापता ठेवणारी. एका सी-९० ला साधारण दीड जीबी लागतो, म्हणजे दोनशेच्या दोनशे केल्या तरी ३०० जीबी. दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा, एक भावाबहिणीच्या घरी. या मूळ फाइलला हात लावायचा नाही, खरखर काढायची हौस नकलेवर भागवा.

माझं मत विचाराल तर दोनशे करूच नका. सी-९० धरल्या तर नुसत्या ऐकण्याचे ३०० तास होतात. सिनेमाची गाणी, विकतच्या मैफली आज बहुतेक दुसरीकडे मिळतात. वडिलांच्या त्या तीस आधी करा. कुणाला हे पटणार नाही, पण निम्म्यात कंटाळून सोडलेले लोक मी पाहिलेत.

आणि दुकानातच द्यायच्या असतील तर आधी एकच तालमीची कॅसेट द्या. 'काहीही साफ करू नका, वेव्ह द्या, कॅसेट परत द्या' असं पावतीवर लिहून घ्या. फाइल हातात आली की हेडफोन लावून सुरुवातीची दोन मिनिटं ऐका. तानपुऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या तरच पुढची कॅसेट द्या.