सेन्सरच्या चिपवरच चित्रावर प्रक्रिया केली तर वीज खरोखर वाचते का?

आपला प्रश्न असा आहे की, कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच चित्रावर प्रक्रिया केल्याने वीज वाचते, की प्रोसेसरचे काम नुसते सेन्सरच्या गळ्यात पडते. माझे उत्तर असे की वीज वाचते, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे माहितीची ने-आण टळते.

साधा हिशेब करून पाहा. १९२० × १०८० पिक्सेलांच्या सेकंदाला ३० फ्रेम घेतल्या आणि प्रत्येक पिक्सेल १० बिटांचा धरला, तर दर सेकंदाला सुमारे ६२ कोटी बिट सेन्सरमधून बाहेर पडतात आणि मेमरीतून फिरून प्रोसेसरपर्यंत पोचतात. समोर दिवसभर रिकामी भिंत असली तरी त्यात एका बिटाचीही घट होत नाही. ४५ नॅनोमीटर तंत्राने बनवलेल्या चिपवर ३२ बिटांच्या एका बेरजेला सुमारे ०.१ पिकोज्यूल (पिकोज्यूल म्हणजे ज्यूलचा एक लाख कोटीवा भाग) ऊर्जा लागते, पण तेवढेच बिट चिपबाहेरच्या डीरॅम या मेमरीतून आणायला शेकडो पिकोज्यूल खर्च होतात. खरी गळती इथे आहे.

आपल्या डोळ्यात हीच काटकसर आहे. दृष्टिपटलात १२ कोटींच्या आसपास प्रकाशग्राही पेशी असतात, पण मेंदूकडे जाणारे तंतू जेमतेम दहा लाख. म्हणजे निवड डोळ्यातच होऊन जाते. अमेरिकेतल्या कॅल्टेक या विद्यापीठात मिशा माहोवाल्ड आणि कार्व्हर मीड यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस सिलिकॉनचे दृष्टिपटल घडवले ते याच धर्तीवर, आणि आजचे इव्हेंट कॅमेरे त्याच घराण्यातले आहेत. त्यांतला प्रत्येक पिक्सेल स्वतःवरचा प्रकाश ठरावीक प्रमाणात बदलला तरच संकेत पाठवतो. असा कॅमेरा मी पहिल्यांदा वापरला तेव्हा निश्चल बसताच पडद्यावरून माझा चेहरा जवळजवळ नाहीसा झाला. पापणी लवली तेव्हा तेवढीच एक रेघ उमटली. तो क्षण मी अजून विसरलेलो नाही.

मात्र दिवा लुकलुकणारा असेल तर हेच पिक्सेल संकेतांचा पूर आणतात आणि बचत हातची जाते. शिवाय पिक्सेलमध्येच जास्त ट्रान्झिस्टर बसवले की प्रकाश टिपायला जागा कमी उरते. त्यावर उपाय म्हणून प्रकाश टिपणारा थर वर आणि गणित करणारा थर खाली, अशा एकावर एक चिपा जोडतात. सोनीने २०२० मध्ये जाहीर केलेला आयएमएक्स५०० हा सेन्सर असाच आहे. तो पूर्ण चित्राऐवजी ‘समोर माणूस आहे’ एवढा निष्कर्षही बाहेर देऊ शकतो, आणि खासगीपणाच्या दृष्टीने मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आपल्याला प्रत्येक फ्रेम साठवायचीच असेल, तर या सेन्सरचा फारसा लाभ होणार नाही. पण उपकरण बॅटरीवर सतत जागे राहून क्वचित घडणाऱ्या गोष्टीची वाट पाहणार असेल, तर सेन्सरच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे उत्पादकाच्या तपशीलपत्रात, समोर काहीच घडत नसतानाचा वीजवापर आधी पाहा, कारण अशा उपकरणाची बॅटरी किती दिवस टिकेल हे बहुतांशी त्याच आकड्यावर ठरते.