परदेशी मेडिकल कॉलेजं 'ग्लोबल हेल्थ' म्हणून करतात काय? विद्यार्थ्यांना महिनाभर फिरवून आणतात, एवढंच?

नाही, खरं काम दोन कॉलेजांच्या वर्षानुवर्षांच्या भागीदारीतून होतं. पुण्यातलंच बघा: बी. जे. मेडिकल आणि अमेरिकेतलं जॉन्स हॉपकिन्स. एचआयव्हीबाधित आईचं दूध पिणाऱ्या बाळाला नेव्हिरॅपिन या एचआयव्हीविरोधी औषधाचा एकच डोस पुरतो, की सहा आठवडे रोज द्यावा, हे इथिओपिया, युगांडा आणि भारतात तपासलं गेलं. भारतातलं केंद्र बी. जे. आणि त्याला जोडलेलं ससून रुग्णालय. निकाल २००८ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आहेत: रोज डोस मिळालेल्या बाळांत सहाव्या आठवड्यापर्यंत लागण जवळपास निम्मी. सहा महिन्यांपर्यंत मात्र हा फरक बराच ओसरला. औषध थांबलं, अंगावर पाजणं चालूच होतं. आणि हो, अशा कामांना पैसा बहुधा तिकडूनच येतो, त्यामुळे कुठला आजार अभ्यासायचा यात त्यांचा शब्द चालतो.