पालावर दाखल्याचं काम करायचंय? मग आधी एवढं कर

विट्याजवळच्या पालावर, म्हणजे भटक्यांच्या तंबूंच्या वस्तीवर, जातीच्या दाखल्यांचं काम सुरू करतोयस, झकास! मिरजेकडं बरीच वर्षं हेच केलं, त्यावरून सांगतो.

विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 ही तारीख पाठ कर. त्या दिवशी घराणं महाराष्ट्रात राहत होतं, याचा पुरावा प्रांत कार्यालयात लागतो. आता गाढवावर बिऱ्हाड लादून फिरणाऱ्याकडं तेव्हाचा कागद कुठला? म्हणून म्हातारीजवळ बस. मुक्काम कुठं पडायचा, पोरं कुठं झाली, विचार. एक आजी सहज बोलून गेली, "थोरला दीर दोन वर्षं साळंत गेलता." त्या शाळेच्या जनरल रजिस्टरात जात निघाली नि चार नातवंडांचे दाखले झाले.

नवखे हमखास चुकतात ते इथं:

- पहिल्याच दिवशी मोबाईल काढून फोटो.
- गावानं ठेवलेलं नाव जात म्हणून लिहिणं. ते स्वतःला काय म्हणवतात ते विचार, मग शासनाच्या यादीतलं नाव अक्षरन् अक्षर जुळव.
- 'गुन्हेगार जमात' हा शब्द. अख्ख्या जमातीलाच जन्मानं चोर ठरवणारा इंग्रजांचा 1871 पासूनचा कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला, तरी चोरी झाली की पोलीस आधी पालावरच येतात. पालावरच्या माणसांना सवलतीइतकीच 'आम्ही चोर न्हाई' याची नोंद हवी असते. (हे कळायला मला दोन वर्षं लागली.)

पडताळणी, अपील आत्ता डोक्यात घेऊ नकोस. पहिल्या रविवारी फॉर्म न घेता जा. चहा देतील, तो पी.