समाज आणि शिक्षण समजून घ्यायला समाजशास्त्रातले कोणते सिद्धांत उपयोगी पडतात?

तुम्ही लिहिलंय की बी.एड.च्या पेपरसाठी प्रकार्यवाद, संघर्षवाद, आंतरक्रियावाद सगळं पाठ केलंय, पण दोन दिवसांत त्याची खिचडी होते. शिवाय यातला खरा कोणता तेही कळत नाही. 'खरा कोणता' हे आधी डोक्यातून काढा. एकाच वर्गाकडे बघून हे लोक वेगवेगळे प्रश्न विचारतात, एवढंच. मी पुण्यात कॉर्पोरेशनच्या शाळेत एकोणीस वर्षं मराठी शिकवतेय, त्यामुळे शाळेतलंच सांगते.

सकाळचा परिपाठ घ्या. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष. दोनेकशे मुलं एका सुरात 'सारे भारतीय माझे बांधव आहेत' म्हणतात आणि त्याच वेळी पुढच्याच्या दप्तराची चेन उघडत असतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीम म्हणेल, चेन राहू दे, तो एक सूर महत्त्वाचा. वेगवेगळ्या घरांतली मुलं 'आपण' म्हणायला शिकतात ती इथे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पार्सन्सने १९५९ सालच्या लेखात पुढचं सांगितलं: घरी मूल आईचं लाडकं असतं, शाळेत सगळ्यांना एकच फूटपट्टी. घर आणि नोकरीचं जग यांच्यामधला पूल म्हणजे वर्ग, आणि कोण कुठल्या कामाला लायक याची निवडही तिथेच होते. हा झाला प्रकार्यवाद. त्याचा प्रश्न: शाळेमुळे समाज एकत्र कसा राहतो?

संघर्षवादी विचारतात, ती फूटपट्टी कुणाच्या मापाची? बोल्स आणि गिंटिस या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये मांडलं की शाळेची रचना कारखान्याच्या रचनेशी जुळते. आमच्याकडे हे समजावून सांगावं लागत नाही. सकाळची पाळी, दुपारची पाळी, घंटा, रांग, 'विचारल्याशिवाय बोलायचं नाही'. मुलांचे वडील चाकण-भोसरीला जातात तिथेही पाळीच. आणि त्याच शहरात भरमसाट फीच्या शाळांत मुलांना 'प्रश्न विचारा, प्रेझेंटेशन द्या' म्हणतात. पुस्तकात नसलेला पण रोज शिकवला जाणारा हा धडा म्हणजे छुपा अभ्यासक्रम. परीक्षेत यावर टीका विचारतात, तेव्हा पॉल विलिसचं नाव घ्या (१९७७). त्याने इंग्लंडमधली कामगारांची पोरं पाहिली. ती गप्प बसणारी नव्हती. मास्तरांची टिंगल करायची, अभ्यासाला हसायची, आणि त्याच मस्तीच्या वाटेने स्वतःहून कारखान्यात पोचायची.

आता जिथे मी स्वतः सापडले ते सांगते.

सहावीचा वर्ग. एक मुलगा त्या वर्षी गावाकडून आलेला, वडील बांधकामावर. उभं राहून वाचायला लावलं. 'विहिरीतलं पानी.' मी थांबवलं, "पाणी. ण. जीभ वर लाव." वर्ग हसला. तीन-चारदा झाल्यावर त्याने बरोबर म्हटलं, आणि इतका सावध झाला की पुढच्याच ओळीतलं 'मन' त्याने 'मण' वाचलं. मग तर वर्ग फुटलाच. मीही हसले, खोटं कशाला बोलू. त्यानंतर दिवाळीपर्यंत त्या पोराचा हात वर आला नाही. आणि मी वर्णनात्मक नोंदीत लिहिलं: 'वाचन अशुद्ध, सरावाची गरज.' पुढच्या वर्षीच्या बाईंनी तो मुलगा बघायच्या आधी ती नोंद वाचली.

यात दोन सिद्धांत आहेत. नोंदीचा भाग आंतरक्रियावादाचा. मीड आणि ब्लूमर या अमेरिकन अभ्यासकांच्या परंपरेत माणूस स्वतःला ओळखतो तो दुसऱ्यांच्या नजरेतून. त्यातूनच शिक्का मारण्याचा सिद्धांत येतो. 'ढ', 'ड तुकडीचा', 'याचं काही खरं नाही'. मूल हळूहळू त्या शब्दासारखं वागू लागतं. रोझेंथल आणि जेकबसन यांचा १९६८ चा प्रयोग इथे लिहा: चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही मुलं निवडली, शिक्षकांना सांगितलं की ही यंदा चमकणार, आणि विशेषतः लहान वर्गांत त्यांचे गुण खरंच जास्त वाढले. त्या प्रयोगाच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली, तेही एका ओळीत लिहा.

'ण'चा भाग बूर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा. त्याचं म्हणणं, पैशासारखंच सांस्कृतिक भांडवलही वारशाने मिळतं: बोलण्याची ढब, घरातली पुस्तकं, पदव्या. शाळा हे भांडवल शिकवत नाही, ते आहेच असं धरून चालते आणि नसलेल्याला 'हुशारी कमी' म्हणते. अशी विषमता पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकते, म्हणून हा पुनरुत्पादनाचा सिद्धांत. पासेरों या सहकाऱ्याबरोबर त्याने यावर लिहिलेलं पुस्तक १९७० चं. मी नारायण पेठेत वाढले. माझ्या 'ण'साठी मला एक दिवस कष्ट पडले नाहीत, तरी मी तो माझा गुण समजत होते. बूर्द्यू स्वतः फ्रान्सच्या खेड्यातला, पोस्टात काम करणाऱ्याचा मुलगा, घरी बेआर्न या आपल्या भागाची बोली बोलणारा. त्याला हे दिसलं यात नवल नाही.

(जर्मन समाजशास्त्रज्ञ वेबरच्या वाटेने जाणारा रँडल कॉलिन्स, १९७९, थोडक्यात: पदव्या वाढतात तशी त्याच नोकरीची अट वाढत जाते. सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा, जास्त वाचावं लागणार नाही.)

एक तक्रार आहे. नोट्समध्ये फुले फक्त 'समाजसुधारक' या धड्यात येतात. १८४८ ची भिडे वाड्यातली मुलींची शाळा सगळ्यांना ठाऊक असते. १८८२ चं, इंग्रज सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढचं निवेदन फारसं कुणी वाचत नाही. त्यात ते सरळ हिशोब मांडतात: सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. वर शिकवलं की खाली झिरपेल, हे सरकारचं गृहीतक त्यांनी खोडून काढलं. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा म्हणाले, आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले घ्या, म्हणजे ते मुलांत मिसळतील. शिकवणारा कुठल्या घरातून येतो हा प्रश्न त्यांनी पुण्यात विचारला तेव्हा दुर्खीमचं फ्रान्समधल्या बोर्दोचं अध्यापन सुरू व्हायला पाच वर्षं होती. संघर्षवादाच्या उत्तरात फुले घाला. परीक्षक खूश होईल म्हणून नव्हे, ते तिथलेच आहेत म्हणून.

पाठांतराऐवजी हे करून बघा. इंटर्नशिपमध्ये दुसऱ्याच्या पाठाचं निरीक्षण करताना वहीच्या मागच्या पानावर चार गोष्टी टिपा: सगळे मिळून काय म्हणाले, कुणाला गप्प केलं, कुणाला काय नावाने हाक मारली, आणि कुणाच्या बोलण्यावर वर्ग हसला. पेपरात उदाहरणं तिथूनच द्या. चौथ्या गोष्टीखाली माझं नाव आलं असतं. आता मी फळ्यावर 'पानी' आणि 'पाणी' दोन्ही लिहिते, कोण कुठे म्हणतं ते विचारते; पुस्तकातलं शिकवतेच, कारण पुढे मुलाखत घेणारे लोक माझ्यासारखेच असणार आहेत.