पाणी हिरवे आहे, पण कसले हिरवे?

प्रश्न : आरे वसाहतीलगतच्या पाड्यावर आमचे लहान तळे आहे. शेजारच्या वस्तीचा ओहोळ त्यात येतो आणि मार्चपासून पाणी हिरवेगार होते. एवढे खाद्य असूनही कटला अंगाने का भरत नाही?

उत्तर : हिरवे पाणी म्हणजे भरपूर खाद्य, हा समज अर्धाच खरा आहे. माशाच्या वाढीला लागणारी ओमेगा-३ मेदाम्ले मुळात डायटमसारख्या सूक्ष्म शेवाळांत तयार होतात; डॅफ्नियासारखे प्राणीप्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) ही शेवाळे खातात आणि कटला मुख्यतः या प्लवंगांवर पोसला जातो. सांडपाण्यातून नत्र व स्फुरद येत राहिले आणि पाणी २५ अंशांच्या वर तापले, की डायटम मागे पडून नील-हरित शेवाळ माजते. त्यात ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्ले जवळजवळ नसतातच, शिवाय त्याचे गुंते प्लवंगांना गिळताही येत नाहीत. त्यातच २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांना साडेसातच; रात्री शेवाळही तोच वापरते, त्यामुळे पहाटे मासे तोंड वर काढतात आणि खाणे सोडतात.

काचेच्या बरणीत तळ्याचे पाणी भरून काही तास सावलीत न हलवता ठेवावे. हिरवी साय वर तरंगली तर ते बहुधा नील-हरित शेवाळ समजावे. तपकिरी थर तळाशी बसला तर बहुधा डायटम शिल्लक आहेत.

सर्वप्रथम ओहोळ वळवावा. पाण्यात हात कोपरापर्यंत बुडण्याआधीच तळवा दिसेनासा होत असेल, तर शेण व खत बंद करावे. तांदळाच्या कोंड्यात थोडे दळलेले जवस मिसळता येईल, कारण कटल्याला त्यातील मेदाम्लापासून ईपीए आणि डीएचए काही प्रमाणात बनवता येतात. पण ओहोळ चालू ठेवून जवस घालणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय.

पाण्यावर हिरवी साय असेपर्यंत मासे खाऊ अथवा विकू नयेत, कारण या शेवाळाचे विष माशाच्या यकृतात साठते आणि शिजवूनही जात नाही. मे महिन्यात तळे आटले की वरचा काळा गाळ काढावा, कारण साठलेला स्फुरद तेथूनच पुन्हा पाण्यात उतरतो. मात्र ओहोळाला गॅरेजचे किंवा कारखान्याचे पाणी मिळत असेल, तर तो गाळ तपासणीशिवाय पालेभाजीच्या वाफ्यात टाकू नये.