दोन कंपन्यांचं इंटरनेट आहे, तरी एक लाइन गेली की ऑफिस ठप्प. राउटर कसा सेट करायचा?

तुम्ही लिहिलंय की धरमपेठेत पंचवीसेक जणांचं ऑफिस आहे, दोन कंपन्यांच्या फायबर लाइन मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमध्ये येतात, पण पहिली गेली की दुसरीवर काहीच जात नाही. शिवाय दोन्ही चालू असताना दोन्हींचा मिळून स्पीड हवा आहे. नागपुरात मी हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ठप्प होण्याचं कारण बहुतेक ठिकाणी एकच निघतं. राउटर गेटवेला, म्हणजे बाहेर जाण्याच्या पहिल्या थांब्याला, पिंग करून (छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का बघून) लाइन जिवंत आहे का ते पाहतो, आणि तुमचा गेटवे म्हणजे कंपनीने बसवलेला मोडेम, १९२.१६८.१.१. सिमेंट रस्त्यासाठी खोदताना जेसीबीने बाहेर केबल तोडली तरी मोडेम टेबलावर चालूच असतो. तो पिंगला उत्तर देतो आणि राउटर सगळा ट्रॅफिक त्याच मेलेल्या लाइनवर ढकलत राहतो.

म्हणून तपासणी मोडेमच्या पलीकडची करा. इंटरनेटवरच्या ८.८.४.४ या पत्त्यासाठी एक रूट (वाट) फक्त पहिल्या लाइनवरून, १.०.०.१ साठी एक फक्त दुसरीवरून. मग डिफॉल्ट रूटचा (बाहेरच्या सगळ्या ट्रॅफिकच्या वाटेचा) गेटवे म्हणून मोडेमऐवजी हेच पत्ते द्या आणि चेक-गेटवे पिंगवर ठेवा. यालाच रिकर्सिव्ह रूट म्हणतात. स्कोप आणि टार्गेट स्कोपचे आकडे (एक रूट दुसऱ्या कुठल्या रूटच्या आधारे शोधायचा ते ठरवणारे) नीट द्यावे लागतात, नाहीतर रूट सक्रियच होत नाही. दर १० सेकंदांनी पिंग जातो, दोनदा उत्तर आलं नाही की रूट बंद. एक पथ्य मात्र पाळा: तपासणीचे पत्ते एकेका लाइनला बांधलेले असतात, त्यामुळे तेच कॉम्प्युटरना डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) म्हणून देऊ नका. तिथे ८.८.८.८ आणि १.१.१.१ चालतील. कंपनीचा स्वतःचा डीएनएस तर नकोच. बऱ्याच कंपन्यांचा डीएनएस दुसऱ्याच्या लाइनवरून विचारलं तर दाद देत नाही.

दोन्ही मोडेमचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर आधी एकाचा बदलून १९२.१६८.२.१ करा. दोन्हीकडे एकच नेटवर्क असलं की राउटर गोंधळतो.

आता स्पीडचं. कनेक्शन पोर्टनुसार दोन्ही लाइनवर वाटली तर १०० आणि १०० मिळून २०० एमबीपीएस हे स्पीड टेस्टवर दिसू शकतं, कारण ती एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडते. पण एक कनेक्शन एकाच लाइनवरून जातं, त्यामुळे एक मोठी फाइल शंभरानेच उतरणार. पीसीसी (मायक्रोटिकची कनेक्शन वाटून देणारी सोय) वापरून कनेक्शन दोन्हींवर वाटता येतात, पण फक्त पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून वाटा, पोर्टवरून (प्रत्येक कनेक्शनच्या वेगळ्या क्रमांकावरून) नको. मग एका कॉम्प्युटरला एकाच लाइनचा स्पीड मिळेल, दोन्हींचा मिळून फायदा सगळ्या ऑफिसला होईल. पोर्टवरून वाटलं की एकाच माणसाची काही कनेक्शन एका आयपीवरून आणि काही दुसऱ्यावरून जातात, आणि बँकेची साइट लगेच लॉगआउट करते. जीएसटी भरायच्या दिवशी अकाउंट्सवाले तुम्हाला सोडणार नाहीत, भाऊ.

मला विचाराल तर पीसीसीच्या भानगडीत पडूच नका. अकाउंट्स आणि इंटरनेट फोन पहिल्या लाइनवर, बाकी स्टाफ आणि गेस्ट वायफाय दुसऱ्या लाइनवर, आणि प्रत्येकाला दुसरी लाइन राखीव. काही बिघडलं तर कोण कुठून जातंय हे बघताक्षणी कळतं. मार्किंगचे नियम (कुठला ट्रॅफिक कुठल्या लाइनचा याची खूण करणारे) लिहिताना दोन गोष्टी: ऑफिसातल्या ऑफिसात जाणारा ट्रॅफिक, म्हणजे प्रिंटर आणि टॅलीचा सर्व्हर, आधीच वगळा, आणि फास्टट्रॅक (पॅकेट लवकर पुढे ढकलण्याचा जवळचा रस्ता) बंद करा, नाहीतर पॅकेट मँगलला, म्हणजे खूण लावणाऱ्या नियमांना, वळसा घालून निघून जातात आणि नियम बरोबर असूनही चालत नाहीत.

कॅमेरे बाहेरून बघायचे असतील तर येणाऱ्या कनेक्शनला मार्क लावा, म्हणजे उत्तर ज्या लाइनवरून विनंती आली तिथूनच परत जाईल. राउटरला किंवा मोडेमला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांतल्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तो सीजीनॅटचा आहे, म्हणजे एकच बाहेरचा पत्ता कंपनी अनेक ग्राहकांत वाटते. तिथे पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरून येणारी विनंती आतल्या कॅमेऱ्याकडे वळवण्यावर) तास घालवू नका, स्टॅटिक आयपी मागा.

इतकं करूनही दोन्ही फायबर एकाच खांबावरून येत असतील तर दोन्ही एकदमच जाणार. खाली उतरून बघा. तसं असेल तर दुसरी लाइन ५जी किंवा रेडिओची घ्या. आणि दोन्ही मोडेम यूपीएसवर आहेत ना, तेही बघा.

चाचणी घेताना राउटरची वायर काढू नका. ते तर कुठलाही राउटर ओळखतो. मोडेम चालू ठेवून त्याच्या मागची फायबर काढा, टोकाला बोट न लावता. त्या वेळी इंटरनेट फोनवर एक कॉल चालू ठेवा. वीस-तीस सेकंदांत वेबसाइट उघडतील, पण फोन बहुधा मुकाच राहील, कारण त्याचं जुनं कनेक्शन राउटरच्या यादीत पहिल्या लाइनच्या आयपीसकट अडकलेलं असतं. लाइन बदलली की ती कनेक्शन पुसणारी छोटी स्क्रिप्ट नेटवॉचमध्ये (पत्ता चालू-बंद झाला की काम करणाऱ्या मायक्रोटिकच्या सोयीत) टाका. मायक्रोटिकचं व्हर्जन ६ आहे की ७ ते कळवा, रूटिंग टेबल लिहायची पद्धत दोन्हीत वेगळी आहे. त्याप्रमाणे नियम लिहून देतो.