लिखित रोलप्लेमध्ये शब्द मोजू नका, कोण कोणाला उत्तर देतंय ते मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गटाचा दोन-तीन वर्षांचा लिखित रोलप्ले, म्हणजे प्रत्येकानं एकेक पात्र घेऊन मेसेजमधून मिळून रचलेला गोष्टीचा खेळ, डिस्कॉर्ड या चॅट-अ‍ॅपवर साठलाय, त्यातल्या मेसेजना टॅग (कुठला मेसेज कशा प्रकारचा, याच्या खुणा) लावायचे आहेत, आणि 'त्यावरून कोण किती सक्रिय आहे हे काढता येईल का?' हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. काढता येतं. पण नावापुढे मेसेज किती नि शब्द किती, असा जो तक्ता सगळे करतात, तो करू नका. आमच्या ठाण्यातल्या गटातून एक चांगली खेळाडू त्या तक्त्यामुळे गेली.

आमचं कॅम्पेन, म्हणजे खेळातली सलग चालणारी गोष्ट, १७३७ सालच्या ठाण्यात घडतं. त्या वर्षी मार्चमध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, त्याच्या आधीच्या काही महिन्यांची गोष्ट. किल्ला म्हणजे आत्ताचं मध्यवर्ती कारागृह. गटात नौपाड्याचा डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा), घोडबंदर रोडचे दोघं, मी, आणि महाप्याला नोकरी करणारी एक मैत्रीण. तिचं पात्र म्हादा, चेंदणी कोळीवाड्यातला होडीवाला. ती लिहायची संध्याकाळच्या ट्रान्सहार्बर लोकलमध्ये, उभ्यानं, एका हातानं. साहजिकच तिचे मेसेज एका ओळीचे, फार तर दोन. बाकीचे घरी लॅपटॉपवर बसून परिच्छेदच्या परिच्छेद लिहायचे.

एका रविवारी डीएमनं गटात शीट टाकली. प्रत्येकाचे मेसेज, शब्द, सरासरी, वर रंगीत आलेख. मैत्रीण अर्थातच तळाला. डीएमचं म्हणणं, ज्यांचा सहभाग कमी त्यांची पात्रं पुढच्या पर्वात एनपीसी (खेळाडूऐवजी डीएमच चालवतो ती पात्रं) करू, म्हणजे गोष्ट अडणार नाही. तिनं 'ठीक आहे' एवढंच लिहिलं आणि आठवड्याभरात गट सोडला. मी तेव्हाही भांडले होते, पण माझ्याकडे आकडे नव्हते आणि त्याच्याकडे होते. म्हणून मी एकच दृश्य घेतलं आणि ओळ न् ओळ टॅग केलं.

दृश्य असं: रात्री खाडीतून होडी किल्ल्याच्या तटाखालून न्यायची. आमच्यातल्या एकानं त्यावर भलामोठा मेसेज लिहिला होता. चांदणं, पागोटं, तलवारीची मूठ, आजोबांनी ती मूठ हातात दिली तो दिवस. लिहिलं छानच होतं. त्यावर पुढे कोणीही, अगदी कोणीही, काही केलं नाही. मग मैत्रिणीचा मेसेज: 'थांबा रे, ऐरोलीला गर्दी चढली. स्टेल्थ टाकू का? म्हादा वल्हं वर काढतो, होडी आपली आपण वाहू दे.' (स्टेल्थ टाकणं म्हणजे लपून जाणं जमतं का ते फाशावर बघणं.) झालं. डीएमला ठरवावं लागलं की भरती आहे की ओहोटी. एकानं विचारलं, तटावर पहारेकरी किती. दुसऱ्याचं पात्र खोकला दाबायला लागलं. ओहोटीनं होडी भलत्याच काठाला लागली आणि पुढचं अख्खं पर्व त्या काठावर घडलं. शब्दांच्या तक्त्यात या मेसेजची किंमत जवळपास शून्य.

आता टॅग. वरच्या मेसेजमध्येच पहिला धडा आहे: टॅग मेसेजला लावू नका, मेसेजच्या तुकड्याला लावा. गर्दीचं वाक्य तिचं स्वतःचं, माणूस म्हणून. स्टेल्थचं वाक्य खेळाडूचं, नियमांच्या जगातलं. वल्ह्याचं वाक्य पात्राचं. गॅरी अ‍ॅलन फाइन या समाजशास्त्रज्ञानं १९८३ साली रोलप्लेइंग गटांवरच्या अभ्यासात माणूस, खेळाडू, पात्र असे हेच तीन थर मांडले होते. शीटचा पहिला कॉलम हाच. नुसतं आयसी-ओओसी (पात्र म्हणून आणि पात्राबाहेर) असं दोन खणांत टाकलं, तर फाशाबद्दलचा प्रश्न आणि लोकलमधली गर्दी एकाच खणात जाऊन बसतात. गोष्टीच्या दृष्टीनं त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा कॉलम: हा तुकडा काय करतो? मी चारच टॅग ठेवले. नवं काही आणतो, दुसऱ्याचं उचलून पुढे नेतो, अडवतो, नुसतं वर्णन करतो. लोक वीस-वीस टॅग करतात आणि तिसऱ्या पानावर स्वतःच विसरतात. तिसरा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कंटाळवाणा: हा तुकडा आधीच्या कुठल्या तुकड्याला उत्तर आहे, त्याचा क्रमांक. डिस्कॉर्डच्या रिप्लाय बटणावर विसंबू नका, खेळाच्या भरात ते कोणी दाबत नाही. हाताने भरा. मग प्रत्येक तुकड्याकडे मागाहून किती तुकडे परत आले ते मोजा. माझ्या शीटमध्ये या मोजणीत डीएम वगळता म्हादा सगळ्यात वर आला.

पण हे एकटीनं केलेलं चालत नाही. 'तू तिची मैत्रीण, तू तसेच टॅग लावणार', हे डीएमनं मला तोंडावर सांगितलं, आणि तेवढा मुद्दा रास्त होता. म्हणून तेच दृश्य घोडबंदरच्या एकाला माझे टॅग न दाखवता लावायला दिलं. दोघांचं किती जुळतं ते नुसत्या टक्क्यांनी बघू नका. समजा १०० तुकडे आहेत आणि 'नवं काही आणतो' हा टॅग एकीनं १५ ना लावला, दुसऱ्यानं २० ना, दोघांनी मिळून त्याच १० ना. दोघांनीही न लावलेले ७५ सुद्धा जुळतात, म्हणजे एकमत ८५ टक्के. ऐकायला भारी. पण डोळे मिटून लावले असते तरी त्या प्रमाणात ७१ टक्के (०.१५ × ०.२० अधिक ०.८५ × ०.८०) जुळलेच असते. मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी १९६० साली दिलेला कापा हा आकडा नेमका हा योगायोग वजा करतो: ०.८५ मधून ०.७१ वजा, भागिले ०.२९ (१ मधून ०.७१ वजा), म्हणजे साधारण ०.४८. मध्यम. असं आलं की टॅगची व्याख्या ढिली आहे असं समजा, जिथे बिनसलं ते तुकडे दोघांनी समोर घेऊन बसा, व्याख्या लिहून काढा आणि दुसऱ्या दृश्यावर पुन्हा करून बघा. ०.६ च्या वर गेल्याशिवाय आलेख काढू नका. आमच्या डीएमनं हे काहीच केलं नव्हतं, कारण शब्द मोजायला दुसरा माणूस लागत नाही. म्हणूनच तो तक्ता इतका सोपा आणि इतका निरुपयोगी.

मशीनकडून करून घ्यायचं असेल तर: इंग्रजीतल्या लिखित डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स हा रोलप्ले खेळ) खेळांवर कॅलिसन-बर्च हे संगणकशास्त्रज्ञ आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली काम केलंय, त्यात मजकूर पात्राचा की पात्राबाहेरचा हे ओळखणंही होतं. आपल्या गटांचं लिखाण मात्र अर्धं देवनागरी, अर्धं रोमन, मध्येच इंग्रजी. साधा शोधसुद्धा धड लागत नाही. 'म्हादा' शोधलं तर 'म्हाद्यानं' आणि 'म्हाद्याला' सापडत नाहीत. 'अ‍ॅ' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिलं जातं, डोळ्याला एकच दिसतं, शोधाला वेगळं. आधी ही सगळी रूपं एका रूपावर आणा, पात्रांच्या नावांची रूपं हातानं यादी करून द्या, मगच फिल्टर लावा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मागाहून आलेल्या उत्तरांच्या मोजणीत डीएम नेहमीच वर दिसतो, कारण सगळे त्यालाच उत्तर देतात. त्याला वेगळा काढा. मारामारीच्या दृश्यात पाळी ठरलेली असते, तिथे ही मोजणी फारशी बोलत नाही. शांत, आठवणींच्या दृश्यात लांब वर्णनालाही मोल असतं, तलवारीच्या मुठीवाल्यावर माझा राग नाही. आणि गटातल्या प्रत्येकाला विचारल्याशिवाय कोणाचंही लिखाण शीटमध्ये घेऊ नका. ओओसीमध्ये लोक घरची आजारपणं, नोकरीचे ताण सगळं लिहून जातात.

टॅगिंगनं तुम्हाला काय कळेल? दृश्यं कुठे अडकतात, कोणाच्या कल्पना उचलल्या जातात, कोणाच्या पडून राहतात. हे गटासाठी फार कामाचं आहे. माणसं क्रमानं लावायला ते वापरायचं नाही. आमचा डीएम अजून म्हणतो, नियम सगळ्यांना सारखा होता. सारखा नव्हता. ज्याला घरी टेबल-खुर्ची आणि रिकामी संध्याकाळ मिळते आणि जी दाराजवळ दांड्याला धरून लिहिते, त्या दोघांना एकच शब्दसंख्या लावणं म्हणजे घरची सोय मोजणं आहे, खेळ नाही.

माझी शीट त्यानं पाहिली, 'इंटरेस्टिंग' म्हणाला आणि निर्णय बदलला नाही. म्हादा आता एनपीसी आहे, डीएम त्याच्या तोंडी दहा-दहा ओळींची भाषणं घालतो. तसा तो कधीच बोलायचा नाही, हे मी दर वेळी गटात लिहिते आणि लिहीत राहणार आहे. तुमच्या गटात असा तक्ता कोणी आधीच टाकला असेल, तर आजच तळाच्या खेळाडूचं एक दृश्य उचला आणि तिसरा कॉलम भरायला घ्या.